दारातली काळी चटई

१० जानेवारी, मंगळवार

तौनो सापडला. आधी हे लिहिते, मग बाकीचं. जिवंत आहे. पायाची दोन बोटं काळीनिळी पडलीत, पण राहतील म्हणाले.

बाहेर उणे सत्तावीस! आणि हा घरातल्या सपाता घालून! मी तळघरात कपडे मशीनला लावायला गेले होते — चार मिनिटं, फार तर पाच. वर आले तर दार सताड उघडं, आणि बर्फात सपातांचे ठसे थेट रस्त्यापर्यंत. गाडीची किल्ली दोनदा हातातून पडली. अठ्ठावीस वर्षं याच रस्त्यावर शाळेची बस चालवली मी. एक पोर कधी हरवलं नाही. आणि नवरा हरवला!

बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला दिसला, जुन्या खाणीच्या वळणावर. हातात जेवणाचा डबा. डब्यात माझ्या चष्म्याचं घर आणि एक कच्चा बटाटा. त्या माणसाला म्हणाला, "लवकर सोड रे बाबा, साडेतीनची पाळी आहे. खाणीत उतरायचा पाळणा माझ्यावाचून खाली जाईल." छत्तीस वर्षं खाणीत उतरला, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, आणि पाळी अजून साडेतीनचीच.

इस्पितळातली समाजसेविका म्हणाली, "पुन्हा असं झालं तर त्यांना घरी ठेवता येणार नाही. वृद्धांच्या होमच्या यादीत त्यांचं नाव वर सरकवलंय." खुशखबर दिल्यासारखं सांगितलं! पन्नास वर्षांचा संसार, आणि आता एका खोलीसाठी आमचा नंबर वर आलाय म्हणून मी आनंदायचं.

मिर्याचा कॅलगरीहून फोन. "आई, दाराला कुलूप लाव ना." लावलंच होतं, बाई. तुझ्या बापाच्या हाताला कुलूप म्हणजे खेळणं आहे. उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातं!

नाही जाऊ देणार त्याला. लिहून ठेवते.

१२ जानेवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे गटाचा दिवस. आठवड्यातले माझे तीन तास. दहा वाजता उर्हो आला, बूट काढून नीट कागदावर ठेवले, कॉफी ओतून घेतली, पत्ते पिसायला बसला. खाणीतला तौनोचा जोडीदार. एकोणऐंशीचा आहे, बायको गेली, मुलं पांगली. तो तौनोपाशी बसतो म्हणून मला जाता येतं; एक गुरुवार चुकवत नाही. तौनो आता पत्ते उलटे धरतो, उर्हो मुद्दाम हरतो आणि वर कुरकुरतो, "लबाडी केलीस तू!" तौनो खूश.

गट चर्चच्या तळघरात जमतो. सगळे माझ्यासारखेच, स्मृतिभ्रंशाचं माणूस सांभाळणारे — कुणाचा नवरा, कुणाची आई. मी मंगळवारचं सांगितलं तर डोरीन म्हणाली, "अगं, दारात काळी चटई टाक! त्यांना ती चटई दिसतच नाही, खड्डा दिसतो. आमचा हॅरॉल्ड चौदा महिने दाराकडे फिरकला नाही." सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं.

१३ जानेवारी, शुक्रवार

गाडीच्या डिकीतली काळी रबरी चटई काढली, घासूनपुसून दारात टाकली.

अडीच वाजता साहेब डबा घेऊन निघाले. चटईपाशी आला आणि कुणी मागून कॉलर धरावी तसा थांबला. खाली बघितलं. दोन पावलं मागे. मग डबा ठेवून खुर्चीत जाऊन बसला.

मी टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या.

१४ जानेवारी, शनिवार

गेला नाही. अख्खा दिवस गेला नाही! वेलचीचा गोड पाव भाजला. दुपारी सोफ्यावर तासभर झोपले, तोंड उघडं टाकून.

१७ जानेवारी, मंगळवार

खात नाही. खुर्ची ओढत ओढत चटईपासून हातभर अंतरावर नेली आहे, तिथेच बसून असतो. मधेच गुडघ्यांवर बसतो, कान खाली करतो. "काय ऐकतोयस रे?" तर मलाच, "शूः!"

निदान बाहेर तर जात नाही. मिर्याला तसंच कळवलं. ती म्हणाली, "वा, आई, कमाल केलीस!"

१९ जानेवारी, गुरुवार

आज काय झालं ते मला अजून समजलेलं नाही.

उर्होनं दार उघडलं आणि तौनो ताडकन उठला. दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभा! "मागे हो! उर्हो, मागे हो! फाटक!" असा ओरडला की खिडकीची काच थरथरली. उर्हो पायरीवरच खिळला. चेहरा पांढराफटक. मी हसत म्हटलं, "अरे, काही नाही, चटई आहे. त्याला खड्डा वाटतो. ये तू आत." आणि दाखवायला म्हणून चटईवर पाय ठेवला, दोनदा आपटलासुद्धा.

तौनो किंचाळला. असा आवाज मी कुठल्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

उर्हो म्हणाला, "डोकं दुखतंय, काइसा. मी निघतो." कॉफीसुद्धा घेतली नाही! ह्या गावातला फिनिश माणूस आणि तयार कॉफीला नाही म्हणतो! माझा गट बुडाला. राग आला मला त्याचा. इतका हळवा होता तर यायचं कशाला?

२१ जानेवारी, शनिवार

त्यानं मला ढकललं.

शनिवार, सौनाचा — वाफेच्या आंघोळीचा — दिवस. लाकडं आणायला मी दाराकडे निघाले होते, एवढंच. दंडाला धरून मागे फेकलं मला. कपाटाचा कोपरा लागला. कोपरापासून खांद्यापर्यंत हात निळा आहे. तौनोनं! ज्यानं पन्नास वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नाही, त्यानं! मी जमिनीवर, आणि हा वर उभा राहून ढसाढसा रडतोय — "सांगितलं होतं ना! सांगितलं होतं ना तुला!"

मी न्हाणीघराला आतून कडी घातली. टबच्या काठावर बसून राहिले. मला माझ्या नवऱ्याची भीती वाटली. हे कुणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहिते.

सौना पेटला नाही. लग्न झाल्यापासूनचा पहिला शनिवार.

२३ जानेवारी, सोमवार

डॉक्टर: "मारहाणीचा टप्पा सुरू झालाय." गुंगीच्या गोळ्या दिल्या. एका खास नर्सचं नाव दिलं, फक्त स्मृतिभ्रंशाचेच पेशंट बघते म्हणे. गुरुवारी येईल.

मारहाणीचा टप्पा! माझा तौनो!

२६ जानेवारी, गुरुवार

सगळं लिहायला हवं. क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

उर्हो आला नाही. "गुडघा दुखतोय." मागच्या वेळी डोकं, आता गुडघा.

नर्सचं नाव जोसेलीन. पस्तिशीची असेल. बूट काढले तर मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मला काही विचारलं नाही, कागद काढले नाहीत. सरळ जाऊन तौनोशेजारी जमिनीवर बसली, त्याच्याइतकीच चटईपासून लांब. वीस मिनिटं! मी कॉफीचं भांडं घेऊन उभी. मनात म्हटलं, सरकार हिला बसून राहण्याचा पगार देतंय.

मग ती हळूच म्हणाली, "किती खोल आहे?"

"दोन हजार चारशे फूट." तौनोनं ताबडतोब सांगितलं! ज्याला आज वार कुठला ते माहीत नाही, त्यानं!

"खाली कोण आहे?"

"लाउरी."

मी भांडं टेबलावर ठेवलं. लाउरी म्हणजे याचा धाकटा भाऊ. १९७१ मध्ये खाणीत गेला, मी या घरात यायच्या दोन वर्षं आधी. मला ठाऊक आहे तो फक्त सासूबाईंच्या कपाटावरचा फोटो आणि एक वाक्य: पाळणा ज्या विहिरीतून खाली जातो तिचं फाटक त्यानंच उघडं टाकलं आणि तोच पडला. चौकशीतही तसंच लिहिलं. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, "माझं धाकटं धांदरट होतं गं."

जोसेलीननं वर बघितलं. "ही चटई कुणी टाकली?"

"मी."

"ते काय काम करायचे?"

"खाणीत... छत्तीस वर्षं."

"खाणकामगाराच्या दारात आपण विहीर खोदली की, काइसा," ती म्हणाली. 'आपण' म्हणाली! ती तर त्या दिवशी इथे नव्हतीसुद्धा. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो मारत नव्हता. तो आम्हाला वाचवत होता! उर्होला, मला. तेरा दिवस उपाशीतापाशी पहारा देत होता, आणखी कुणी पडू नये म्हणून. आणि मी त्याच्यासमोर त्या खड्ड्यावर पाय आपटून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. देवा रे!

मी चटई खेचायला धावले तर तिनं मनगट धरलं. "अशी नको. त्यांच्या डोळ्यांदेखत तुम्ही खड्ड्यात जाल. आधी फाटक." मग त्याच्याकडे वळून, अगदी सहज — "तौनो, पाळी सुटली. फाटक कसं लावायचं? मला नाही येत, तुम्ही दाखवा बघू."

माझा कपडे वाळवायचा स्टँड त्यानं स्वतः आणून दारात आडवा लावला. कडी म्हणून कपड्याचा चिमटा. दोनदा ओढून पाहिलं, घट्ट बसलंय का. मग म्हणाला, "आता बिल्ले."

बिल्ले मलाही ठाऊक आहेत, गावात कुणाला नाहीत? खाली जाताना ज्याने त्याने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला फळीवर टांगायचा, वर आल्यावर काढायचा. एक जरी फळीवर राहिला तरी कुणी घरी जायचं नाही. जोसेलीनचा बापही खाणीतलाच. तिनं दह्याच्या डब्यांची झाकणं कापली, तौनोनं नंबर घातले — त्याचा, माझा, तिचा, उर्होचा. एकेक टांगला, एकेक काढला. लाउरीचा केला नाही. मग टेबलाशी बसला आणि मासळीचं सूप प्यायला, चार बटाटे खाल्ले. तेवढ्यात तिनं चटई गुंडाळून बाहेर नेली.

जाताना म्हणाली, "दाराला घंटी लावू, मनगटाला नाव-पत्त्याचं कडं घालू, त्यांचं 'फाटक' राहू दे. ते निसटणार नाहीत याची खात्री मी देत नाही. घाबरणार नाहीत एवढी देते. आणि एक, त्यांना हो-नाहीचे प्रश्न विचारू नका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते 'हो' म्हणून मोकळे होतात. नुसतं ऐका. बोलतील."

कागदावर लिहून फ्रिजवर लावलं.

२७ जानेवारी, शुक्रवार

गोळ्या परत केल्या. सकाळी माझा निळा हात बघून फुंकर घालत होता. "कुठे आपटलीस गं? बघून चालावं!"

४ फेब्रुवारी, शनिवार

हे मला नको होतं कळायला.

दुपारी सौना पेटवला. तौनो वरच्या बाकावर, मी खाली. दगडांवर पाणी टाकलं, वाफ झाली, आणि तो एकदम स्वच्छ बोलायला लागला. आजारपणाच्या आधी बोलायचा तसा.

"फाटक उघडं होतं. मला दिसलं होतं. लाउरी उलटा चालत येत होता, पहारी ओढत. मी तोंड उघडलं, आवाजच निघाला नाही."

मी शहाण्यासारखी ऐकत राहिले. मग म्हणाला, "मग ठरलं. लाउरीनंच उघडं टाकलं असं सांगायचं. सगळ्यांनी तेच सांगायचं."

अंगातून घाम निथळत होता आणि मला थंडी वाजली. "म्हणजे त्यानं नव्हतं टाकलं? मग कुणी? तौनो, तू टाकलंस?"

माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो." आणि आणखी पाणी टाक म्हणाला.

बावन्न वर्षं! स्वतःची चूक मेलेल्या भावाच्या नावावर घातली आणि बावन्न वर्षं ताकास तूर लागू दिली नाही! सासूबाई गेल्या तेव्हा चमच्यानं पाणी पाजत होते मी. "धांदरट होतं गं माझं धाकटं," हेच शेवटचं बोलल्या. आणि हा कुठे होता? खिडकीशी. पाठ करून. एक शब्द बोलला असता तर म्हातारी सुखानं गेली असती. आईला फसवलं, मला फसवलं, आणि मी याच्या तेरा दिवसांच्या पहाऱ्यासाठी रडत होते.

त्याची पाठ चोळायची राहिली. मी हातच लावू शकले नाही. स्वेटर उलटा घातला, तसाच राहू दिला.

६ फेब्रुवारी, सोमवार

होमचा फोन. खोली रिकामी झाली आहे. चोवीस तासांत उत्तर, पाच दिवसांत मुक्काम हलवायचा. नाही म्हटलं की यादीतून नाव बाद.

चोवीस सेकंदही घेतले नाहीत. "हो" म्हटलं. शुक्रवारी अकरा वाजता.

दुपारी जोसेलीन. "चांगली जागा आहे, काइसा. आणि खोली घेणं पाप नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. फक्त एक विचारू? थकून घेताय की रागावून?"

"थकून."

खोटं बोलले. तिलाही ते कळलं असावं.

८ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर कपड्यांवर त्याचं नाव शिवत होते. प्रत्येक मोज्यावर. होमचा नियम. तौनो शेजारी बसून दोरा ओवून देत होता — डोळे अजून चांगले आहेत. "कुणाचे गं एवढे कपडे?"

"आहे एक माणूस."

"गावाला चाललाय?"

मी पुढचा मोजा ओढला. दुष्टपणा केला. पण लाउरीचा फोटो समोरच होता, मला जमलं नाही.

उर्होला फोन करून सांगितलं, शुक्रवारी नेतेय. वेळ त्यानं दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, "उद्या येऊ?" म्हटलं, ये, निरोप घेऊन जा.

९ फेब्रुवारी, गुरुवार

उर्हो दारात उभा. बूट काढेना, टोपी काढेना. म्हणाला, "काइसा, फाटक माझ्याकडून उघडं राहिलं होतं. फाटकावर मी होतो त्या दिवशी. घरी तीन पोरं, धाकटं अंगावर पीत होतं. मी कबूल करायला निघालो तर तौनोनंच अडवलं. म्हणाला, लाउरीला आता कुणी कामावरून काढणार नाही. तुला काढतील."

हो-नाहीचा प्रश्न विचारला मी तौनोला! फ्रिजवर कागद लावलेला असताना!

माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. उर्होसाठी की माझ्यासाठी, ठाऊक नाही. आतून तौनोची हाक: "उर्हो आला का? पत्ते काढ गं!"

होमला फोन केला, खोली नको म्हणून. ती बाई म्हणाली, मग यादीतून नाव जाईल. म्हटलं, जाऊ दे. उर्हो तसाच उभा होता, रडत, आणि त्याच्या मागून सगळी थंडी घरात येत होती. म्हटलं, "बूट काढ आणि आत ये."